रस्त्याच्या नावामागचे अण्णा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं चिटणीसांनी मला गणपतीतच सांगून ठेवलं होतं. चाळीच्या जुन्या आठवणी लिहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. पण त्या आठवणी या अंकात पुष्कळजण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी लिहिणार आहे तो आपल्या रस्त्याबद्दल. म्हणजे त्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्यांच्याबद्दल.

चर्नी रोड स्टेशनला जाताना आपण सगळेच महर्षी कर्वे रोड ओलांडतो. जुनी माणसं अजून त्याला क्वीन्स रोड म्हणतात. राणीचं नाव जाऊन तिथं कोकणातल्या एका गरीब घरातल्या माणसाचं नाव आलं, ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते. मध्यंतरी इमारतीतल्या मुलांना मी विचारलं, हे कर्वे कोण? एकानं सांगितलं, स्वातंत्र्यसैनिक असतील. दुसऱ्याला ते कुणी ऋषी वाटले. मुलांची चूक नाही. आपण मोठ्यांनी कधी सांगितलंच नाही.

सांगावंसं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. तेही मोकळेपणानं सांगतो. जूनमध्ये निकाल लागले की आपल्या जिन्यात पेढे फिरतात. एका वर्षी आपल्याच इमारतीतला एक मुलगा निकालानंतर पंधरा-वीस दिवस जिन्यात कुणी नाही असं बघूनच खाली उतरायचा. का, ते मला नंतर कळलं. भेटेल तो त्याला टक्के विचारत होता. विचारणाऱ्यांत मीही होतो. त्या मुलाचं पुढे चांगलं झालं, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही. त्या दिवसांत त्याला कुणीतरी अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगायला हवी होती. आणि खरं तर मलाही.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावी. घर मुरूडचं. हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. हे दापोली तालुक्यातलं, समुद्रकाठचं छोटं गाव. घराण्याला एके काळी चांगले दिवस होते, पण धोंडूच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. वडील दुसऱ्या गावी तुटपुंज्या पगारावर कारभारी. घरात आई, थोरला भाऊ भिकाजी आणि बहीण. खाऊन-पिऊन कसंबसं भागायचं. मुलगा अंगानं किरकोळ आणि स्वभावानं अतिशय लाजाळू. चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पुढे ज्यांनी जन्मभर दारोदार जाऊन संस्थेसाठी पैसे मागितले, ते मुळात असे बुजरे होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गावात सोमण नावाचे एक शिक्षक होते. चांगला गुरू भेटणं हे गरिबाच्या मुलाचं भाग्यच. सोमण गुरुजींनी या मुलांना शाळेच्या पुस्तकापलीकडचं जग दाखवलं. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम धोंडूकडे आलं. लाजाळू मुलाला माणसांसमोर उभं करायची ती युक्ती होती की काय कोण जाणे, पण गावाच्या भल्यासाठी आपण काही करू शकतो, ही ठिणगी तिथंच पडली.

आता साताऱ्याची गोष्ट. १८७५ साल. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची शक्यता. घरच्या परिस्थितीत एवढं मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. परीक्षेला वयाची अट होती, सतरा पूर्ण. धोंडूला सतरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. दिवस सप्टेंबरचे. समुद्र खवळलेला, मुंबईला जायला बोट नाही. मग दुसरं केंद्र साताऱ्याचं. मुरूडहून सातारा म्हणजे शंभर मैलांहून जास्त. रेल्वे नाही, मोटार तर नाहीच. मुलं चालत निघाली. पाऊस, चिखल, ओढे, आणि वर कुंभार्ली घाट. आपल्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात चिपळूणहून कऱ्हाडला जाताना तो घाट गाडीत बसून पाहिला असेल, त्यांनी तो पायी चढल्याची नुसती कल्पना करावी. दिवसरात्र तंगडतोड करून मुलं चार दिवसांत साताऱ्याला पोचली.

परीक्षा समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ मुलाकडे नुसतं बघितलं. हा सतराचा दिसत नाही, असं त्यांना वाटलं. दाखल्यावर वय लिहिलेलं होतं, पण डोळ्यांपुढे दाखल्याचं काही चाललं नाही. परीक्षेला बसू दिलं नाही. शंभर मैल चालून आलेला मुलगा आल्या पावली परत.

मी या प्रसंगापाशी नेहमी थांबतो. नापास होणं वेगळं. इथं तर पेपरच हातात मिळाला नाही. एका मोठ्या माणसानं एक नजर टाकली आणि ठरवून टाकलं. कुणीही म्हटलं असतं की नशीबच फुटकं, शेती बघू, भिक्षुकी करू. धोंडू घरी आला आणि पुन्हा अभ्यासाला बसला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाला. साताऱ्याच्या त्या साहेबांशी भांडण नाही, गाऱ्हाणं नाही. पुढचं पाऊल, बस्स.

एवढ्यावर नोकरी धरून स्वस्थ बसता आलं असतं. पण आता इंग्रजी शिकायची ओढ लागली होती. गावात जमेल तेवढं शिकून झालं. मग रत्नागिरीचं हायस्कूल. तिथं प्रकृतीनं साथ दिली नाही, परत यावं लागलं. शेवटी मुंबई गाठली आणि रॉबर्ट मनी शाळेत नाव घातलं. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. वय तेवीस! आज आपल्याकडे तेविसाव्या वर्षी मुलगा नोकरीला लागला नाही तर घरात कुजबुज सुरू होते. कर्वे तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांचं लग्न लहानपणीच झालं होतं आणि पुढच्याच जानेवारीत मुलगा रघुनाथ जन्मला. म्हणजे हे गृहस्थ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आणि घरी पाळणा हललेला. र. धों. कर्वे म्हणून संततिनियमनाच्या कार्यासाठी पुढे गाजले ते हेच रघुनाथ.

आधी विल्सन कॉलेज आणि मग एल्फिन्स्टन. चौपाटीवरची विल्सनची आजची इमारत तेव्हा झालेली नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजही फोर्टात नव्हतं, भायखळ्याला राणीच्या बागेसमोर होतं. घरून पैसे येण्याचा प्रश्नच नव्हता. शिकवण्या करायच्या, त्यावर स्वतःचं शिक्षण करायचं आणि उरेल ते मुरूडला पाठवायचं. कुणापुढे हात पसरायचा नाही हा निश्चय. १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. तेव्हा वय सव्वीस.

पदवीनंतर त्यांनी बिऱ्हाड केलं ते आपल्या गिरगावात. मित्र नरहरपंत जोशी आणि कर्वे अशी दोन कुटुंबं मिळून एकत्र राहायची. दोघांची कमाई तुटपुंजी, एका चुलीवर दोघांचं भागायचं. चाळीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्व्यांचा दिवस पहाटे अंधारातच सुरू व्हायचा. गिरगावातून चालत माझगावला जायचं, तिथं मुलींच्या शाळेत शिकवायचं. मग फोर्टातली कॅथीड्रल मुलींची शाळा, शिवाय खासगी शिकवण्या. ट्रॅम होती, पण ती घोड्यांची आणि पैसे पडायचे. पायांना पैसे पडत नाहीत. आपल्याकडे स्वतःच्या पायावर उभं राहणं असं म्हणतात. कर्व्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. हा माणूस सगळं आयुष्य पायांनी चालून उभं राहिला.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. एवढ्या ओढाताणीच्या दिवसांतही ते मिळकतीतल्या दर रुपयामागे एक पैसा बाजूला काढून ठेवत. धर्मादाय म्हणून. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्टातला एक म्हणजे फार नाही, पण ज्याला एकेक पैसा मोजून खर्चावा लागतो, त्याच्यासाठी थोडाही नाही. याच कल्पनेतून पुढे मुरूड फंड निघाला. मुरूडकरांनी आपल्या उत्पन्नातला रुपयामागे एक पैसा गावाच्या शिक्षणासाठी द्यावा, अशी योजना. आधी स्वतः केलं आणि मग गावाला सांगितलं.

याच काळात गिरगावात आणखी एक गोष्ट घडली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. ती भावाकडे याच बिऱ्हाडात राहून घरकाम करायची. नरहरपंतांनी तिला शारदा सदनात घातलं. त्या शाळेची ती पहिली विधवा विद्यार्थिनी. तोवर कोकणातल्या घरात राबण्यापलीकडे काही वाट्याला न आलेली ही बाई वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास धुळाक्षरांपासून शिकायला बसली. अण्णांच्या जिद्दीचं कौतुक करताना हिला विसरून चालणार नाही. ती पुढे सौ. आनंदीबाई कर्वे, म्हणजे सगळ्यांच्या बाया झाली.

१८९१ साल कर्व्यांच्या आयुष्यात सगळं उलटंपालटं करणारं ठरलं. पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला या, असं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. लोकमान्य टिळकांनी कॉलेज सोडल्यावर गणिताची ती जागा रिकामी होती. टिळकांच्या जागेवर जायचं म्हणजे दडपण आलंच, पण ते गेले. आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधुरानं लहान कुमारिकेशी लग्न करणं सर्रास चालायचं, विधवेशी लग्न म्हणजे महापाप. कर्व्यांनी विचार करून दुसरी वाट धरली.

मुरूडला बातमी गेली आणि गावानं सभा भरवून ठराव केला. कर्व्यांना वाळीत टाकलं. ते असतील त्या सभेत कुणी बसायचं नाही. ते गावात आले तर आईनं त्यांना घरात घ्यायचं नाही, घेतलं तर घरच्यांनाही वाळीत. ज्या गावासाठी गिरगावात राहून रुपयातला पैसा काढून ठेवला, त्या गावाचा हा ठराव! दारिद्र्याशी लढणं सोपं म्हणावं असा हा प्रसंग. दारिद्र्य निदान परकं असतं. इथं समोर आपलीच माणसं. साताऱ्याच्या साहेबांनी एका नजरेत निकाल दिला होता, आता अख्ख्या गावानं दिला.

त्यांनी काय केलं? पुन्हा तेच. कडवटपणा न धरता पुढचं पाऊल. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. नुसती विधवांची लग्नं लावून प्रश्न सुटणार नाही, त्यांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं पाहिजे, हे त्यांना बायांच्या उदाहरणातून दिसलेलं होतंच. १९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम हिंगण्याला गेला. रावबहादूर गोविंद गणेश गोखले यांनी तिथं सहा एकर जागा दिली. पहिली इमारत म्हणजे एक झोपडी. आज कर्वेनगर म्हटलं की फ्लॅटचे भाव आठवतात, तेव्हा ते माळरान होतं. कॉलेजातलं शिकवणं संपलं की प्रोफेसर कर्वे पुण्याहून चार मैल चालत हिंगण्याला जायचे. पावसाळ्यात चिखल तुडवत, काही वेळा हातात आश्रमाचं सामान घेऊन. गिरगाव ते माझगाव चालायची सवय इथं कामाला आली. मिळकतीतलं बहुतेक आश्रमाकडे जायचं. घरातली तोंडमिळवणी बाया करायच्या आणि जमेल तिथून आश्रमासाठी वर्गणीही गोळा करायच्या. अण्णांचं स्वावलंबन बायांच्या कष्टांवर केवढं उभं होतं, हे त्यांच्या माझे पुराण या आत्मचरित्रातून कळतं. घरातल्या प्रत्येकानं वाचावं असं ते पुस्तक आहे.

पुढचा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झालं. अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, म्हणजे सरकारी माणूस पेन्शनीचे हिशेब करतो त्या वयाचे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो ते हेच. १९३६ साली त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत आलं. आपल्या इमारतीतल्या किती लेकी-सुना चर्चगेटला तिथं शिकल्या, हे त्यांनीच मोजावं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अण्णा युरोप, अमेरिका, जपान असे फिरून आले ते विद्यापीठासाठी. बर्लिनमध्ये आईनस्टाईनला भेटले. गावातल्या देवळात बोलायला बिचकणारा मुलगा!

आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी नवीन मंडळ काढलं. त्यासाठी वर्गणी मागत ते पुण्यात दारोदार फिरले. खेड्यांसाठी, हे मला महत्त्वाचं वाटतं. एका खेड्यानं त्यांना वाळीत टाकलं होतं, पण म्हणून त्यांनी खेड्यांवर राग धरला नाही.

१८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मोठा सोहळा झाला. त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. शिक्षणासाठी पहाटे अंधारात गिरगावातून चालत निघणारा तो तरुण, आणि जवळच चर्चगेटला त्याच्या शंभरीसाठी भरलेलं स्टेडियम. मधलं अंतर फार तर तासाभराच्या चालीचं, पण त्याला सत्तरहून जास्त वर्षं लागली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचं आयुष्य जगून अण्णा गेले.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या मुलामुलींना ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्यावी असं वाटतं. बघा, तो शंभर मैल चालला आणि तुम्हाला लिफ्ट बंद पडली तर चालत नाही, असं म्हणायला ही गोष्ट वापरू नये. त्यानं मुलं फक्त कंटाळतात. त्यांच्या अडचणी आपल्याहून वेगळ्या आहेत, पण त्या खऱ्या आहेत. क्लासच्या फिया, एका खोलीत टीव्ही आणि अभ्यास, चार जणांच्या प्रवेशाला चारशे अर्ज. त्यांना या गोष्टीतून सांगायचं ते एवढंच. उशीर झाला म्हणजे संपलं असं नाही. तेवीसचा मॅट्रिकवाला भारतरत्न झाला म्हणून नाही, तर त्यानं तेविसाव्या वर्षीही लाज न धरता परीक्षा दिली म्हणून. आणि स्वावलंबन म्हणजे कुणाचीच मदत न घेणं नव्हे. सोमण गुरुजी होते, नरहरपंत होते, बाया होत्या. मदत घेतली, पण पायातली चाल दुसऱ्यावर टाकली नाही. आणि आपला पाय जरा स्थिर होतोय न होतोय तोच दुसऱ्यासाठी रुपयातला पैसा काढला.

आपण मोठ्यांनी मात्र स्वतःला वेगळा प्रश्न विचारायला हवा. आपण सोमण गुरुजी होतो, की साताऱ्याचे साहेब? जिन्यात भेटलेल्या मुलाला टक्के विचारतो तेव्हा आपण दुसरेच असतो. मी होतो, म्हणून सांगतो. आतली जिद्द ज्याची त्यालाच आणावी लागते, ती उसनी मिळत नाही. पण ती असलेल्या मुलाकडे बघून हा सतराचा दिसत नाही असं ठरवून टाकायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

शेवटी एक सूचना, म्हणजे वार्षिक सभेत मांडायला चिटणीसांना बरं पडेल. पंचवीस वर्षांत आपण सिंकिंग फंड केला, दुरुस्ती फंड केला, गणपतीचा फंड तर आहेच. आता एक मुरूड फंड करूया. मेंटेनन्सच्या दर रुपयामागे एक पैसा. आपले पैसे आता चौसष्टाऐवजी शंभराचे आहेत, म्हणजे अण्णांपेक्षा आपलं ओझं हलकंच. तेवढ्यातून संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात दिवे-पंखे चालू ठेवून मुलांना अभ्यासाला जागा देता येईल. इमारतीतल्या मुलांना आणि वाडीतल्याही. ऑफिस उघडायला आणि बंद करायला मी रोज येईन. तिथं कुणाला टक्के विचारणार नाही, हा माझा शब्द.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.